समुद्रातलं प्लास्टिक: झोडपायचं ते फक्त पिशव्यांनाच का?

उधाणवारा:
कासवाच्या नाकात अडकलेल्या स्ट्रॉचा व्हिडिओ 2015 साली जगभर फिरला, तेव्हापासून सगळे स्ट्रॉ आणि पिशव्यांवरच तुटून पडलेत. आपल्याकडे 2018 पासून पिशव्यांवर बंदी आहे (कागदावर तरी). पण पावसाळ्यात कोकण किनाऱ्याला जखमी ऑलिव्ह रिडले कासवं लागतात, त्यातली कित्येक नायलॉनच्या जाळ्यात गुरफटलेली असतात. तुटून वाहत गेलेलं जाळं कुजत नाही, मालक नसला तरी मासे धरतच राहतं. प्रशांत महासागरातल्या कचऱ्याच्या पट्ट्यात वजनाने 46 टक्के प्लास्टिक जाळ्यांचं निघालं. आधी हिशोब जाळ्यांचा घ्या.

वसईचा डोलकर:
प्रशांत महासागराचं गणित वसईच्या खाडीला लावू नका राव. जे तिथवर तरंगत पोचतं तेच तिथे मोजलं जातं. आमची डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, प्रवाहाकडे तोंड करून बांधलेली असते. ओहोटीला शहराकडून जे येईल ते सगळं आत. बोंबील, जवळा निवडायचा की वेफर्सची पाकिटं? आणि जाळं फेकतंय कोण? कर्ज काढून घेतलेलं असतं ते. फाटकं जाळंसुद्धा भंगारात विकलं जातं.

उधाणवारा:
मुद्दाम फेकता असं कुठे म्हटलं? खडकात अडकून तुटलं काय, ट्रॉलरने (जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटीने) तोडलं काय, कासवाला फरक पडत नाही. प्रत्येक जाळ्यावर मालकाची खूण हवी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2018 मध्येच तशी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत.

वसईचा डोलकर:
म्हणजे ट्रॉलर रात्री आमच्या जाळ्यावरून जाणार, जाळं आमचं जाणार आणि खूण बघून दंडही आम्हालाच! तोडणारा मोकळा.

खाडीकाठची मीरा:
दंडाचं सोडा. कासव सोडवताना जाळं कापावं लागलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई द्यायची, असं आपल्याच राज्याने 2018 मध्ये ठरवलं. त्यानंतर मच्छीमारांनी कासवं सोडल्याच्या बऱ्याच नोंदी आहेत. तसेच पैसे सापडलेलं बेवारस जाळं बंदरात आणणाऱ्याला द्या की. केरळात नींदकरा बंदरावर 2017 पासून बोटवाले जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत आणायला लागले, त्याचा चुरा रस्त्याच्या डांबरात गेला.

वसईचा डोलकर:
आणतो की! पण आणलेला ढीग उतरवायचा कुठे? धक्क्यावर ठेवला तर पुढच्या उधाणात परत पाण्यात. आधी बंदरात जागा आणि उचलायला गाडी द्या, मग बोला.

उधाणवारा:
जागा हवीच, मान्य. पण खूण नको हे मान्य नाही. खूण असली तर तोडलेल्या जाळ्याची भरपाई मागताना तुमच्याच कामी येईल.