शब्दचर्चा : 'कॉन्फरन्स'ला परिषद म्हणावं का? आणि अठरा जणांची 'बिग टेन'

उंबरठा :
एका क्रीडाविषयक मजकुराचं मराठी तपासते आहे. त्यातलं वाक्य : "बिग टेन परिषदेत मिशिगनने ओहायो स्टेटला हरवले." आईला वाचून दाखवलं तर तिने विचारलं, "वादविवाद स्पर्धा होती का गं?"

मूळ शब्द 'कॉन्फरन्स', आणि शब्दकोशात त्याला पहिला प्रतिशब्द परिषद, म्हणून भाषांतरकाराने तो टाकला असणार. पण अमेरिकेतल्या कॉलेज खेळांत कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा कायमचा गट, आणि 'बिग टेन' हा त्यांतलाच एक. गटातले संघ दरवर्षी आपसात खेळतात, विजेता ठरतो, पैसे वाटले जातात. याला मराठीत काय म्हणता? आणि पुढे त्याच मजकुरात "बिग टेनमधील 18 विद्यापीठे" असं आहे. मी 18 खोडून 10 करणार होते, तेवढ्यात शंका आली.

खडूफळा :
18 बरोबर आहे, खोडू नका.

शब्दाबद्दल : 'साखळी' चालेल का? साखळी सामने आपल्याला माहीत आहेत. नाहीतर सरळ 'विभाग'. आपल्याकडेही आंतरविद्यापीठ स्पर्धा आधी विभागवार होतात, पश्चिम विभाग वगैरे.

तिसरा_पंच :
साखळी म्हणजे सामने खेळवायची पद्धत, ते खेळणाऱ्यांच्या गटाचं नाव नव्हे. साखळी संपते, कॉन्फरन्स संपत नाही (संपतेही म्हणा, पण ती गोष्ट वेगळी).

विभाग तर अजिबात नको. आपल्याकडे भारतीय विश्वविद्यालय संघ विभाग आखतो आणि विद्यापीठ नकाशावर जिथे आहे तिथे गुमान खेळतं. मुंबई विद्यापीठ उद्या उठून "आम्हाला दक्षिण विभागात जास्त पैसे मिळतात, आम्ही चाललो" असं म्हणू शकत नाही. तिकडे अगदी हेच होतं.

वाबाशकाठ :
मी अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकलो, म्हणजे या बिग टेनच्या जन्मगावाचाच म्हणा ना, म्हणून जरा लांबण लावतो.

'परिषद' ऐकून हसू येतं खरं, पण सुरुवातीला ती शब्दशः परिषदच होती. 1895 च्या जानेवारीत पर्ड्यूचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी सात विद्यापीठांच्या प्रमुखांना शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात बोलावलं. फुटबॉलमध्ये (अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा) तेव्हा बजबजपुरी होती. भाडोत्री खेळाडू आणून उभे करायचे, तो विद्यार्थी आहे की नाही कोणी विचारायचं नाही. याला चाप लावायचा, तर नियंत्रण प्राध्यापकांच्या हातात हवं, असं ठरलं. 1896 च्या फेब्रुवारीत त्याच हॉटेलात प्राध्यापक-प्रतिनिधी जमले आणि संस्था उभी राहिली. शिकागो, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू, विस्कॉन्सिन अशी सात. तिच्या अधिकृत नावाचा अर्थच होतो 'प्राध्यापक-प्रतिनिधींची आंतरमहाविद्यालयीन परिषद'. लोक मात्र नुसतं 'वेस्टर्न कॉन्फरन्स' म्हणायचे. शिकागो तेव्हा 'पश्चिमेला' होतं!

म्हणजे परिषद भरली, तिने नियम केले, आणि ते नियम पाळणाऱ्यांच्या गटालाच परिषद म्हणू लागले. आपल्या 'पंचायत' शब्दाचंही असंच झालं ना? आधी पाच जणांची बैठक, मग ती संस्था, मग तिचं ऑफिससुद्धा. "पंचायतीत जाऊन दाखला आण" म्हणताना आपण इमारतीबद्दल बोलत असतो.

खडूफळा :
आणि ग्रामपंचायतीत आता 7 ते 17 सदस्य असतात. 'पंच' तसेच बसून आहेत. तेव्हा दहात अठरा मावले म्हणून अमेरिकनांना हसायला नको.

वाबाशकाठ :
अगदी! पण गंमत अशी की बिग टेनचा आकडा सुरुवातीला प्रामाणिकपणे बदलत होता. 1899 मध्ये इंडियाना आणि आयोवा आले, झाले नऊ. मग 1906 मध्ये परिषदेने कडक नियम केले : मोसमात पाचच सामने, खेळाडूला तीनच वर्षं. मिशिगनला ते झेपलं नाही, ते बाहेर पडलं. 1912 मध्ये ओहायो स्टेट आलं, पुन्हा नऊ, आणि वर्तमानपत्रं 'बिग नाइन' लिहू लागली. 1917 मध्ये मिशिगन परत आलं तेव्हा 'बिग टेन'. 1946 मध्ये शिकागो गेलं, की परत 'बिग नाइन'. 1949 मध्ये मिशिगन स्टेटला घेतलं, पुन्हा 'टेन'. म्हणजे अर्धं शतक नाव हिशेबाला धरून होतं, आणि हे नाव ठेवणारे बातमीदार होते, कॉन्फरन्स नव्हे.

कॉन्फरन्सने 'बिग टेन' हे नाव कायद्याने आपलं करून घेतलं ते 1987 मध्ये. आणि तीनच वर्षांत, 1990 मध्ये, पेन स्टेटला अकरावा सदस्य म्हणून घेतलं! तिथे आकडा आणि नाव यांची फारकत झाली. नाव तोवर इतकं रुजलं होतं की सोडवेना. मग त्यांनी बोधचिन्हातच चलाखी केली : 'टेन' या अक्षरांच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागेत 11 आकडा दिसेल असं चित्र. माझ्या टोपीवर ते होतं. मित्राने बोट ठेवून दाखवेपर्यंत मला ते दिसलं नव्हतं, आणि दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

2011 मध्ये नेब्रास्का आलं, बारा. तेव्हा तरी नाव बदलायचं, तर 'बिग ट्वेल्व्ह' हे नाव दुसऱ्याच कॉन्फरन्सने घेऊन ठेवलेलं. आणि त्या वर्षी त्या 'बारा'त उरले होते दहा! म्हणजे दहावाले बारा आणि बारावाले दहा. ही परिस्थिती काही मोसम तशीच होती. 2014 मध्ये मेरीलँड आणि रटगर्स येऊन बिग टेन चौदावर गेली तरी बिग ट्वेल्व्ह दहावरच.

उंबरठा :
थांबा, शिकागो का गेलं? पहिल्या सातांतलं ना ते?

वाबाशकाठ :
पहिल्या सातांतलं, आणि एके काळी दादा संघ. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन ट्रॉफीचा 1935 चा पहिला मानकरी जे बरवँगर शिकागोचाच. पण अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांचं मत असं की विद्यापीठ शिकण्यासाठी आहे, फुटबॉलची करमणूक चालवण्यासाठी नाही. 1939 च्या मोसमात मिशिगनने 85-0 ने धुतलं, ओहायो स्टेटने 61-0 ने. मोसम संपताच हचिन्स यांनी फुटबॉलच बंद केला. बाकीचे खेळ रडतखडत चालले, 1946 मध्ये सदस्यत्वही सोडलं. शिकागो विद्यापीठाच्या रिकाम्या पडलेल्या मैदानाच्या, स्टॅग फील्डच्या, प्रेक्षक-सज्जाखाली 2 डिसेंबर 1942 ला एन्रिको फर्मी यांच्या चमूने जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी-प्रक्रिया घडवली. (खडूफळा, तुमची साखळी इथे मात्र चपखल बसली.)

माझ्या मते या सगळ्या इतिहासात परिषदेचा मूळ हेतू प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेणारं एकच विद्यापीठ, ते शिकागो. आणि तेच बाहेर!

तिसरा_पंच :
नावात आकडा असण्याचं मुंबईचं उदाहरण घ्या. मुंबईत आधी युरोपियन विरुद्ध पारशी असे क्रिकेटचे प्रेसिडेन्सी सामने. 1907 मध्ये हिंदू संघ आला, तिरंगी सामने. 1912 मध्ये मुस्लिम संघ, चौरंगी. 1937 मध्ये 'द रेस्ट' म्हणजे ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन वगैरे उरलेल्यांचा संघ, पंचरंगी. दर वेळी नाव बदललं, कोणालाही जड गेलं नाही. 1946 मध्ये सामनेच बंद झाले, हा भाग निराळा.

पण फरक बघा. मुंबईत तुम्ही कोणत्या संघात, हे जन्माने ठरायचं. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून 'रेस्ट'कडून. हिंदूंविरुद्ध त्यांच्या संघाच्या 387 धावा झाल्या, त्यांतल्या 309 एकट्या हजाऱ्यांच्या! असा खेळाडू बाजू बदलून दुसऱ्या संघात जाण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेतल्या कॉन्फरन्सचं सदस्यत्व म्हणजे करार. फी भरा, निघा. म्हणून तिला गट, विभाग, जमात असं जन्मजात वाटणारं काही म्हणू नये असं मला वाटतं. माझा कौल मंडळ. मंडळात वर्गणी असते, नियम असतात, कार्यालय असतं, भांडणं असतात आणि मंडळ सोडून समोर दुसरं मंडळ काढता येतं.

खडूफळा :
शेवटचा मुद्दा पुण्यात सिद्ध करून दाखवायची गरज नाही.

पण मंडळ म्हटलं की दहावी-बारावीचं बोर्ड आठवतं हो. आणि 'नियामक मंडळ' म्हटलं की क्रिकेटवालं.

वाबाशकाठ :
'क्रीडामंडळ' म्हटलं तर बोर्ड आठवणार नाही. मला मंडळ पटतं, कारण आजची कॉन्फरन्स मुख्यतः सौदा करणारी संस्था आहे. 1984 पर्यंत कोणता सामना टीव्हीवर दाखवायचा हे एनसीएए ही देशव्यापी संस्था ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली, सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी एनसीएएचा मक्ता मोडला. तेव्हापासून प्रक्षेपणाचे हक्क कॉन्फरन्स विकू लागल्या, आणि कोणाला घ्यायचं हे ठरवताना त्या शहरात टीव्हीसंच किती, हे बघितलं जाऊ लागलं. रटगर्सला घेतलं ते त्यांच्या फुटबॉलच्या प्रेमापोटी नाही, न्यूयॉर्कच्या घराघरांतल्या केबलसाठी. मेरीलँड 1953 पासून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचं संस्थापक सदस्य, तेसुद्धा 3 कोटी डॉलरहून जास्त भरपाई देऊन निघालं.

2022 मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या टीव्ही कंपन्यांशी सात वर्षांचा, 700 कोटी डॉलरहून मोठा करार केला. 2024 मध्ये लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए ही दोन विद्यापीठं, शिवाय ऑरेगन, वॉशिंग्टन आत आले. झाले अठरा. आता रटगर्सच्या व्हॉलीबॉलच्या मुली 'मंडळांतर्गत' सामन्यासाठी न्यूजर्सीहून लॉस एंजेलिसला जातात, जवळजवळ 4,000 किलोमीटर, आणि आठवड्याच्या मध्यावर वर्गात हजर व्हायचं असतं. पैसा फुटबॉलचा, विमानातली रात्र यांची. मला हे मुळीच पटत नाही, पण शनिवारी सामना बघायला मीही बसतो.

उंबरठा :
हे चौघे पॅसिफिक किनाऱ्यावरचे ना? त्यांचं जुनं मंडळ?

तिसरा_पंच :
ती माझी वर कंसात टाकलेली 'वेगळी गोष्ट'. 1915 मध्ये पोर्टलंडला सुरू झालेली पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स खेळाडूंना गुपचूप पैसे देण्याच्या भानगडींनी 1959 मध्ये मोडली. त्यांतल्याच काहींनी लगेच नवी संस्था काढली, ती पुढे पॅक-8 ('पॅक' म्हणजे पॅसिफिक), मग 1978 मध्ये ॲरिझोनाची दोन विद्यापीठं घेऊन पॅक-10, मग 2011 मध्ये कोलोराडो आणि यूटा घेऊन पॅक-12. यांची रीत मुंबईसारखी : माणूस वाढला की आकडा वाढला. पण 2024 मध्ये दहा जण एकदम चार दिशांना गेले, अगदी बर्कली आणि स्टॅनफर्ड हे पॅसिफिकवाले *अटलांटिक* कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेले! मागे उरले दोन : ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. वाढताना इमानाने मोजणाऱ्यांनी घटताना मात्र मोजलं नाही. दोघंच 'पॅक-12' म्हणून दोन मोसम खेळले. 1 जुलै 2026 पासून बॉइसी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट वगैरे नवे सदस्य धरून संख्या नऊ, नाव तेच.

हे उरलेले दोघं म्हणजे मूळची शेतकी महाविद्यालयं, लहान गावांतली. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे पहिल्या महायुद्धाआधी शेतीचं शिक्षण घेत होते ते याच किनाऱ्याकडच्या मुलखात. लहान गाव म्हणजे टीव्हीसंच कमी. म्हणून त्यांना कोणी नेलं नाही, एवढं साधं गणित.

खडूफळा :
उंबरठा, अजून एक खडा तुमच्या मजकुरात असेल तर काढा : 'आंतरमहाविद्यालयीन'. आपल्याकडे याचा अर्थ एकाच विद्यापीठाच्या कॉलेजांमधले सामने, रुपारेल विरुद्ध रुईया. तिकडे मिशिगन, पर्ड्यू ही स्वतंत्र विद्यापीठं आहेत, एकेकाचा एकच संघ. तेव्हा 'आंतरविद्यापीठ' लिहा. 1896 च्या नावाचा अनुवाद करताना वाबाशकाठांनी 'आंतरमहाविद्यालयीन' वापरलंय, ते मूळ नावाला धरून आहे म्हणून सोडून देतो.

वाबाशकाठ :
उपकार झाले, मास्तर.

उंबरठा :
असं केलं आहे, बघा : "बिग टेन या आंतरविद्यापीठ क्रीडामंडळाच्या सामन्यात मिशिगनने ओहायो स्टेटला हरवले." पुढे सगळीकडे नुसतं 'बिग टेन'. इतिहासाच्या परिच्छेदात 1896 ला 'परिषद' ठेवली आहे. 'कॉन्फरन्स गेम'ला मंडळांतर्गत सामना आणि 'नॉन-कॉन्फरन्स'ला मंडळाबाहेरचा सामना.

एक अडलंय. सदस्यांच्या या येण्या-जाण्याला ते 'रिअलाइनमेंट' म्हणतात. भाषांतरकाराने 'पुनर्संरेखन' लिहिलं आहे.

तिसरा_पंच :
पुनर्संरेखन रस्त्याचं होतं. 'फेरजुळणी' लिहा. 2024 च्या पॅक-12 पुरतं 'फाटाफूट'.

खडूफळा :
आणि जे गेले त्यांना विचारलंत तर 'विस्तार'.