गाटून सरोवरातील पीकॉक बास
प्रश्न: पनामा कालव्यासाठी निर्माण झालेल्या गाटून सरोवरात १९६०च्या दशकात दक्षिण अमेरिकेतील पीकॉक बास हा शिकारी मासा शिरला. त्याने लहान मासे फस्त केले हे समजते. परंतु परिणाम पक्ष्यांपर्यंत आणि डासांपर्यंत कसा पोहोचला?

प्रतिसाद १: झॅरेट आणि पेन या परिसंस्था-अभ्यासकांनी १९७३ साली हीच साखळी मांडली. पृष्ठभागाजवळ झुंडीने फिरणारे छोटे मासे संपत आल्यामुळे त्यांच्यावर जगणारे खंड्या, बगळे व सुरय विरळ झाले, प्राणिप्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांची) रचना बदलली आणि डासांच्या अळ्या खाणारे मासेही फारसे उरले नाहीत.

प्रतिसाद २: डासांविषयी जपून बोलावे. हिवतापवाहक डासांतील बदलाशी असलेला संबंध त्यांनी सुचवला होता, सिद्ध केला नव्हता. माशांची घट मात्र निर्विवाद आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. हा मासा आता काढून टाकता येणार नाही का?

प्रतिसाद १: इतक्या विस्तीर्ण सरोवरात ते जवळपास अशक्य आहे, त्यातच हौशी गळकऱ्यांचा तो लाडका आहे.