आधी मास्तर, मग नेटफ्लिक्स

‘पैसा झाला की या टेक मंडळींना शिक्षणाचा कळवळा येतो’ हे मत बऱ्याच जणांना लागू पडेल, पण नेटफ्लिक्सचे सहसंस्थापक रीड हेस्टिंग्जना नाही. १९८३ ते १९८५ ते आफ्रिकेतल्या स्वाझीलंडमध्ये (आताचं एस्वातिनी) पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतर्फे गणित शिकवत होते. कंपनी वगैरे सगळं त्यानंतरचं.

त्यांचं खरं काम मला वाटतं ते २००० सालचं. कॅलिफोर्नियात शाळांच्या इमारतींसाठी स्थानिक कर्जरोखे काढायचे तर दोन तृतीयांश मतं लागत. बहुमत मिळूनही प्रस्ताव आपटायचे. प्रपोझिशन ३९ या, मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेल्या प्रस्तावाने ही अट ५५ टक्क्यांवर आणली. त्या मोहिमेत हेस्टिंग्जनी पदरचे पैसे ओतले. असल्या रुक्ष कामाचं कौतुक कोण करतो म्हणा!

पुढे ते राज्य शिक्षण मंडळाचे अध्यक्षही झाले, पण २००५मध्ये इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या शिकवण्याच्या वादावरून त्यांच्या फेरनियुक्तीला मंजुरी मिळाली नाही. मायक्रोसॉफ्ट आणि फेसबुकच्या संचालक मंडळांवर मात्र ते पुढे अनेक वर्षं होते. चार्टर शाळांबद्दलचा (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा) त्यांचा हट्ट मला पटत नाही, पण हौशी म्हणून त्यांना निकालात काढू नका.