मैदानाबाहेरच्या वागण्याची शिक्षा: स्टोक्सला एक न्याय, हेल्सला दुसरा?

गहुंजेकर:
लोकहो, कधीचं डोक्यात आहे ते विचारतो. मी २०१७ पासून इंग्लंडच्या बेन स्टोक्सचा फॅन, आयपीएलमध्ये पुण्याने त्याला साडेचौदा कोटींना घेतलं होतं आणि गुजरात लायन्सविरुद्ध १० वर ३ गेलेले असताना त्याने नाबाद १०३ ठोकले ती मॅच मी स्टेडियममध्ये बसून बघितलीय, घसा बसला होता ओरडून. त्याच सप्टेंबरमध्ये ब्रिस्टलला मारामारीच्या प्रकरणात त्याला अटक झाली, इंग्लंडचाच ओपनर ॲलेक्स हेल्सही त्या रात्री सोबत होता पण त्याच्यावर गुन्हा लागला नाही. स्टोक्सची अख्खी ॲशेस (ऑस्ट्रेलियाविरुद्धची टेस्ट सिरीज) गेली. ऑगस्ट २०१८ ला कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या क्रिकेट शिस्त आयोगाने स्टोक्सला ८ आणि हेल्सला ६ मॅचची बंदी आणि दंड लावला पण हिशोब असा केला की नव्याने बाहेर कुणालाच बसावं लागलं नाही. पुढे एप्रिल २०१९ मध्ये हेल्स ड्रग टेस्टमध्ये सापडला आणि वर्ल्डकप तोंडावर असताना त्याला काढूनच टाकलं. स्टोक्स त्या वर्ल्डकप फायनलचा हीरो झाला, २०२२ ला टेस्ट कॅप्टन झाला. माझा लाडका प्लेयर असूनही मला हे खटकतं. ज्याच्यावाचून अडतं त्याला माफी, असंच ना हे?

शॉर्टलेग:
नाही पटलं. स्टोक्स कोर्टातून सुटला होता हे विसरू नका, आणि हेल्सची ती पहिली वेळ नव्हती, ड्रगचं दुसऱ्यांदा झालं. शिक्षा २१ दिवसांचीच होती आणि ती संपली सुद्धा होती, पण कॅप्टन मॉर्गन आणि सीनियर प्लेयर्सना वाटलं की आता याच्यावर विश्वास राहिला नाही. शिक्षा वेगळी, निवड वेगळी. चार वर्षं ती टीम एका वर्ल्डकपसाठी बांधलेली, त्यात एकामुळे रोज प्रेसला उत्तरं द्यायची असतील तर कॅप्टनने काय करायचं? वर्ल्डकपमध्ये ओपनर रॉय जखमी झाल्यावर विन्सला ओपनिंगला खेळवलं, त्याची एकही मोठी खेळी झाली नाही, तेव्हा हेल्सची उणीव भासली असणारच, तरी मॉर्गन ढळला नाही. म्हणजे गरज होती तरी घेतलं नाही!

मीनल_ठाणे:
तुम्ही दोघं स्टोक्स-हेल्सवरच अडकलात. इंग्लंडच्याच सॅम करनचं बघा. २०१८ ला एजबॅस्टन टेस्टला आपल्याविरुद्ध मॅन ऑफ द मॅच, २० वर्षांचं पोरगं, आणि स्टोक्स सुटल्यावर चार दिवसांत सुरू झालेल्या ट्रेंट ब्रिज टेस्टला स्टोक्ससाठी यालाच बाहेर बसवलं. त्याने काय बिघडवलं होतं कुणाचं? माझा राग तिथे आहे.
आपल्याकडेही तेच. जानेवारी २०१९ ला टीव्ही शोमध्ये बायकांबद्दल जे बोलले त्यावरून हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुलला ऑस्ट्रेलियातून परत बोलावलं, मला बरं वाटलं होतं की चला निदान कुणीतरी हे गंभीरपणे घेतलं. पण चौकशी करायला क्रिकेट बोर्डाचा लोकपालच नेमलेला नव्हता म्हणून दोन आठवड्यांत सस्पेन्शन उठवलं, पांड्या लगेच न्यूझीलंडला खेळला पण, आणि २० लाखांचा दंड झाला तो थेट एप्रिलमध्ये. आधी खेळा मग निकाल! नियम आधी लिहून ठेवा ना, कशाला किती मॅच ते, म्हणजे स्टार असो की नवखा, सगळ्यांना सारखं. त्या गडबडीत विजय शंकरला चान्स मिळाला आणि तो वर्ल्डकपपर्यंत गेला, म्हणजे एकाच्या वागण्याने दुसऱ्याचं करिअर कुठल्या कुठे वळतं बघा.

गहुंजेकर:
करनचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, एकदम मान्य. पण शॉर्टलेग, विश्वासाचंच म्हणाल तर २०२२ च्या टी-२० वर्ल्डकपला काय बदललं? मॉर्गन रिटायर झाला, बटलर कॅप्टन झाला, बॅट्समन बेअरस्टोचा गोल्फ खेळताना पाय मोडला आणि हेल्सला फोन गेला. मग ॲडलेडला सेमीफायनलमध्ये हेल्सने आपल्याला ४७ बॉलमध्ये नाबाद ८६ मारले, दहा विकेटनी हरलो. स्टोक्सही त्याच टीममध्ये होता.

शॉर्टलेग:
हो, ती जखम आहेच. पण हेल्स परत आला तो फक्त टी-२०ला. वनडेत पाकिस्तानविरुद्ध १७१ मारलेला माणूस, २०१९ च्या मार्चनंतर इंग्लंडकडून एकही वनडे खेळला नाही. तीन वर्षं गेली ती तिशीतली, ओपनरची ऐन भराची. शिक्षा झालीच नाही असं नका म्हणू.