जमिनीखाली साठवलेला कार्बन डायऑक्साइड ‘दिसतो’, मग मोजता का येत नाही?

शंकेखोर:
नॉर्वेच्या स्लाइपनर प्रकल्पाचे (समुद्रतळाखालच्या खडकात कार्बन डायऑक्साइड साठवण्याचा) सिस्मिक छेद, म्हणजे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनींवरून काढलेली जमिनीखालची चित्रं, बघत होतो. १९९६ मध्ये वायू सोडायला सुरुवात झाली. १९९४ च्या चित्रात तो थर कोराच दिसतो, १९९९ च्या चित्रात एकावर एक ठळक पट्टे. एवढं स्वच्छ दिसतंय तर आत किती टन आहे ते चित्रावरूनच काढता यायला हवं. ओतला किती, उरला किती, हिशेब संपला. पण असा सरळ ताळेबंद कुठे दिसत नाही. लपवाछपवी आहे की माझंच काही चुकतंय?

तळघर:
लपवाछपवी नाही हो. अकरा वर्षं समुद्री सर्व्हेचा डेटा प्रोसेस करण्यात घालवली आहेत, तुमचाच प्रश्न मीही पहिल्या वर्षी साहेबांना विचारला होता.

वाळूखडकाच्या छिद्रांत खारं पाणी असतं तेव्हा स्लाइपनरच्या त्या थरात लहर सेकंदाला साधारण २००० मीटर वेगाने जाते. कार्बन डायऑक्साइड शिरला की वेग १४५० च्या आसपास उतरतो. म्हणून ते पट्टे झळकतात. त्यांच्याखालचे थर खचल्यासारखे दिसतात तेही यामुळेच. खचलेलं काही नसतं, लहर उशिरा परत येते इतकंच.

मेख अशी की ही घट बहुतेक सगळी पहिल्या थोड्याशा वायूतच उरकते. वायू पाण्यात सारखा मिसळलेला असेल तर छिद्रांत वीस टक्के असो की ऐंशी, वेग जवळपास तोच. त्यामुळे ‘कुठे आहे’ हे ठणकावून सांगता येतं, ‘किती आहे’ म्हटलं की आम्ही खाली बघतो. म्हणून स्लाइपनरला समुद्रतळावर गुरुत्वाकर्षणही मोजलं गेलं. घनता अशी फसवत नाही.

पटत नसेल तर काचेच्या ग्लासात पाणी घ्या, फेसाळणारी व्हिटॅमिनची गोळी टाका आणि ग्लासच्या तळाशी चमच्याने टकटक करत राहा. त्या बुडबुड्यांत कार्बन डायऑक्साइडच असतो, आणि तिथेही लहरीचा वेग पडला की टकटकीचा आवाज बसतो.

कानोसा:
तळघर यांच्याशी सहमत. भर एवढीच की डेकेटर (इलिनॉय) इथे २०११ ते २०१४ मध्ये सुमारे १० लाख टन वायू सोडला, तेव्हा हजारो अतिसूक्ष्म हादरे नोंदले गेले. ते निराळं काम. स्लाइपनरसारख्या सर्व्हेत आपण हाक मारून प्रतिध्वनी ऐकतो, इथे गप्प बसून जमिनीला कान लावायचा. त्यातून दाबाने कुठली जुनी भेग हलतेय ते कळतं, टन नाहीत.

शंकेखोर:
आणि बारीकशी गळती? ती तरी दिसेल?

तळघर:
वरच्या थरात एका जागी साचली तर चांगली दिसेल, थोड्याशा वायूनेही वेग पडतो ते इथे आपल्या पथ्यावर. विरळ पसरली तर कठीण. दोन सर्व्हेंची वजाबाकी करायची म्हणजे जहाजाने त्याच रेघेवरून जायला हवं, आणि प्रवाह जहाजामागे ओढलेल्या, प्रतिध्वनी टिपणाऱ्या केबलींना बाजूला रेटतो. समुद्राच्या पाण्याचं तापमान बदललं तरी वेळा सरकतात. एकदा तीन आठवडे मी ज्याला ‘बदल’ समजून जपत होतो, तो निव्वळ केबलचा तिरकेपणा निघाला. साहेब हसलेसुद्धा नाहीत.

शंकेखोर:
गोळी टाकून बघितली. आधी टणटण, मग एकदम थप्प थप्प. गंमत म्हणजे फेस जवळजवळ विरला, मोजकेच बुडबुडे राहिले, तरी आवाज बसलेलाच होता. शेवटी कुठे हळूहळू वर चढला.