प्रतिसाद: कार्डिगन आणि विकतची पदं

एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश घोडदळ अधिकारी लॉर्ड कार्डिगन याने पैसे मोजून लष्करातली अधिकारपदं घेतली, असं या चर्चेत म्हटलं गेलं, ते बरोबर. पण त्यावरून ‘तेव्हाचं अख्खं ब्रिटिश लष्करच विकाऊ होतं’ हा तिथे काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. खरेदी चालायची ती घोडदळात आणि पायदळात. तोफखान्यात आणि इंजिनिअर्समध्ये पदं विकली जात नसत. आपल्याकडच्या कंपनी सरकारच्या फौजेतही बढती मुख्यतः ज्येष्ठतेनेच मिळे.

या चर्चेत कॉलिन कॅम्पबेलचं नाव यायला हवं होतं. ग्लासगोच्या सुताराचा हा मुलगा १८०८ साली सैन्यात शिरला. कार्डिगन आला १८२४ मध्ये आणि आठच वर्षांत, १८३२ साली, १५व्या हुसार्स या घोडदळाच्या रेजिमेंटचा लेफ्टनंट कर्नल झाला. कॅम्पबेलला त्याच हुद्द्यापर्यंत पोचायला २४ वर्षं लागली, तेही १८३२ सालीच! १८३४ मध्ये कार्डिगनला कमांडवरून काढलं, तरी दोन वर्षांत दुसरी रेजिमेंट मिळाली. मला सर्वांत जास्त चीड याची येते. क्रिमियन युद्धातल्या बालाक्लाव्हाच्या लढाईत, २५ ऑक्टोबर १८५४ रोजी, दोघेही एकेका ब्रिगेडचे प्रमुख होते. कॅम्पबेलच्या हायलँडर्सनी, म्हणजे स्कॉटिश पायदळाने, रशियन घोडदळ थोपवलं. कार्डिगनची लाइट ब्रिगेड (हलकं घोडदळ) चुकीच्या हुकमापायी तोफांच्या तोंडी गेली. खरेदी बंद व्हायला मात्र १८७१ उजाडलं.