‘इझइन्स्टन्स’च्या माहितीपानावर फसवी उदाहरणं हवीत का?

मूळ मुद्दा
इझइन्स्टन्स म्हणजे एखादी किंमत दिलेल्या प्रकाराची आहे का, हे तपासणारं पायथनचं फंक्शन. पायथनच्या दस्तऐवजात त्याची व्याख्या अचूक आहे, पण ती वाचून ‘इझइन्स्टन्स(ट्रू, इंट)’चं (ट्रू हा इंट, म्हणजे पूर्णांक आहे का?) उत्तर ट्रू येईल हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. जेसनमध्ये (प्रोग्राममधला डेटा पाठवायचं मजकूर-स्वरूप) ‘नग’पुढे चुकून ट्रू आलं, तर पूर्णांकाची तपासणी ते पास करते. ट्रूची किंमत १, म्हणून ४५० रुपये दराने ४५० चं बिल निघतं. एरर कुठेच नाही. व्याख्येखाली हे उदाहरण हवं आणि लगेच उपायही: आधी बूल (ट्रू-फॉल्सचा प्रकार) नाकारा, मग इंट तपासा. क्रम उलटा ठेवला तर बूलची ओळ कधी चालतच नाही.

प्रतिसाद १
असहमत. उपवर्गाचा (दुसऱ्या प्रकारावर बेतलेल्या पोटप्रकाराचा) ऑब्जेक्टही चालतो हे इझइन्स्टन्सच्या हेल्पच्या पहिल्याच वाक्यात आहे. बूल इंटचा उपवर्ग आहे, हा बूलचा गुण, आवृत्ती २.३ पासून तसाच. तो बूलच्या माहितीत असावा आणि आहे. एकच गोष्ट पाच पानांवर लिहिली, की पुढे चार पानं शिळी होतात.

प्रतिसाद २
शिळं होण्यावर डॉकटेस्ट आहे, म्हणजे दस्तऐवजातली उदाहरणं चालवून उत्तरं ताडणारं साधन. उदाहरण प्रॉम्प्टसकट लिहा, बिल्डमध्ये चालवा. उत्तर बदललं की चाचणी पडते. ‘इंट | एसटीआर’ (पूर्णांक किंवा मजकूर) ३.१० पासून चालतं, त्याआधी टाइपएरर. असा फरक गद्यात राहून जातो, चाचणीत सापडतो.
माझ्या मते बूलपेक्षा नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) जास्त घात करतं. त्याचं फ्लोट६४ पायथनच्या फ्लोटचा (दशांशी संख्येचा) उपवर्ग आहे, इंट६४ मात्र इंटचा नाही. म्हणजे फ्लोटची तपासणी पास, इंटची नापास, आणि आकडे एकाच डेटामधले! तिथे इंटऐवजी नंबर्स.इंटिग्रल (सगळ्या पूर्णांक प्रकारांना सामावणारा व्यापक प्रकार) वापरावं. बूल त्यातूनही सुटतं, त्यामुळे ते वेगळं नाकारावंच लागतं.

प्रतिसाद १
नमपायचं नमपायच्या पानावर. भाषेच्या दस्तऐवजाने बाहेरच्या लायब्ररीची जबाबदारी घेऊ नये. डॉकटेस्टचा मुद्दा मान्य, पण चाचणी उत्तर सांभाळते. शेजारचं ‘असं का’ माणसालाच सांभाळावं लागतं.

प्रतिसाद ३
मग घरचंच उदाहरण घ्या. डेसिमल (अचूक दशांश संख्यांचा प्रकार) पायथनसोबतच येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीतलं आहे, पैशांसाठी तेच वापरतात. ते नंबर्स.नंबर (कुठलीही संख्या) ठरतं, नंबर्स.रिअल (वास्तव संख्या) ठरत नाही, कारण डेसिमल आणि फ्लोटची थेट बेरीज होत नाही. नावावरून रिअल निवडणारा रकमाच नाकारून बसतो. बूल आणि डेसिमल, दोनच उदाहरणं, प्रत्येकी एका ओळीचं कारण आणि मूळ पानाचा दुवा. एवढ्याने पान फुगत नाही.